वहिनींचे सजवलेले डबे

आमच्या मोनिकावहिनींना स्वयंपाक येत नाही. डबा सजवता येतो, आणि तोही मी करून दिला तर.

हे मी मुरुममध्ये चारचौघांत बोलायला गेले तर लोक मलाच वेड्यात काढतील. वहिनींच्या डब्यांची कीर्ती मोबाईलवरून पार लातूर-सोलापूरपर्यंत गेलेली आहे. 'मम्माज बेंटो' नावाचं त्यांचं पान आहे आणि रोज सकाळी पावणेआठला त्यावर एक डबा झळकतो. कधी भाताचा ससा, कधी इडलीचं अस्वल, कधी पालकाच्या पराठ्याची फुलपाखरं. खाली बायका लिहितात, "किती गं पेशन्स तुझ्याकडे!" पेशन्स माझ्याकडे आहे. त्यांच्याकडे मोबाईल आहे.

बेंटो म्हणजे जपानी लोकांचा खणाखणांचा डबा, हे ज्ञान मला वहिनींनीच दिलं. प्रत्येक पदार्थ आपापल्या खणात बसायचा, एकानं दुसऱ्याला शिवायचं नाही. आम्हा लिंगायतांच्या पंगतीतली शिवाशिव मोडून साडेआठशे वर्षं झाली, आणि आता आमच्याच घरात भाजीनं भाताला शिवलं तर वहिनींच्या कपाळाला आठी पडते.

पहाटे पाचला मी उठते. तांदूळ जरा आसट शिजवते, गरम असतानाच मीठ घालून घोटते आणि त्याचे वाटे करते. एका वाट्यात बिटाचं पाणी, एकात हळद, एकात पालक. मग पातळ प्लास्टिकच्या कागदात भाताचा गोळा धरून दाबायचा, वळवायचा, की ससा होतो. कान काकडीचे. भोवती गाजराची फुलं, ती साच्यानं पाडायची. एवढं झालं की वहिनी आंघोळ करून, केस मोकळे सोडून येतात, भुवया कोरायच्या चिमट्यानं दोन काळे तीळ उचलतात आणि सशाला डोळे लावतात. शूटिंग तेवढ्याचंच होतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच, फक्त इथं रेघोट्याही दोनच असतात.

आणि ज्या लेकरासाठी हा सगळा थाट, ती माझी भाची प्रतीक्षा, दुसरीतली, त्या डब्याला हात लावत नाही. शाळेत अकराला डबा उघडेपर्यंत सशाचा चेंदा झालेला असतो आणि बिटाच्या भाताला कसलातरी वास मारत असतो. ती सकाळी सातलाच ओट्याशेजारी बसून कडक भाकरी दह्यात कुस्करून, वर शेंगाचटणी घालून माझ्या हातनं खाऊन जाते. सशाचं काय होतं ते शाळेच्या मागच्या कुत्र्यांना विचारावं. पोळीच्या कापलेल्या कडा, गाजराचे कोपरे, साच्याबाहेरची काकडी हे जे मागं उरतं, ते माझं जेवण.

आता मी या घरात कोण, ते सांगते. मी शुभांगी, या घरची लेक. माझा भाऊ श्रीशैल, त्याचं मुरुमच्या बाजारात भुसाराचं दुकान आहे, आणि मोनिकावहिनी ही त्याची बायको. वयानं माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण थोरल्या भावाची बायको म्हणून वहिनी आणि अहोजाहो. मला भूममध्ये दिलं होतं, शंभुलिंग नावाच्या गृहस्थाला. चार वर्षं मूल झालं नाही, तेव्हा त्या गृहस्थानं मला एक पिशवी देऊन एसटीत बसवलं आणि "चार दिवस आईकडं राहून ये" म्हणाला. त्या चार दिवसांना आता आठ वर्षं झाली. मधल्या काळात त्यानं दुसरी आणून ठेवली, तीही गेली. ती शहाणी होती म्हणायची, कारण ती आपल्या पायानं गेली.

गेल्या श्रावणात माझ्या सासूला लकवा मारला. अर्धं अंग गेलं. तिला उचलायला, धुवायला, भरवायला घरात बाई नाही, तेव्हा कुठं शंभुलिंगाला आठवलं की आपलं एक लग्न झालेलं आहे. त्यानं दोन माणसं मध्यस्थीला पाठवली. त्या माणसांनी आमच्याकडं चहा पिऊन, "झालं गेलं विसरावं, नांदायला पाठवावं," असं सांगितलं. आठ वर्षांत ज्यानं एक फोन केला नाही, त्याला विसरायचं म्हणजे मला काही फार कष्ट नव्हते.

श्रीशैल मात्र विरघळला. "शेवटी त्येच तुझं घर, शुभा," तो म्हणाला. "इथं लोकं विचारत्यात. दिवाळी झाली की म्या सोडून येतो."

"लोकं काय विचारत्यात?"

"काय विचारायचं ऱ्हायलंय?" एवढं म्हणून तो दुकानात गेला. अवघड बोलणं निघालं की माझ्या भावाला दुकान आठवतं.

मला भूमला जायचं नव्हतं. ज्या घरात सासू कपाटाला कुलूप लावून माझ्या वाटणीची भाकरी मोजून द्यायची, तिथं जाऊन त्याच बाईची घाण काढत म्हातारं व्हायचं नव्हतं. इथं मी कडा खाते हे खरं, पण त्या कुणी मोजत नाही. आणि इथं आई आहे. आमची आई, उमाबाई, गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी पीत नाही आणि खोटं बोलत नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं आणि श्रीशैल आतून "नाही म्हणून सांग" म्हणाला, तर ती बाहेर जाऊन सांगायची, "हाय, पन न्हाय म्हनून सांग म्हनतोय." तिला माझी बाजू घ्यायची होती, पण लेकाच्या घरात म्हातारीच्या बाजूला किती वजन असतं, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

गणपती उठल्यावर एका सकाळी वहिनी तीळ न लावताच ओट्याशी उभ्या राहिल्या. धाराशिवला एका प्लास्टिकच्या डब्यांच्या कंपनीनं डबा सजावटीची स्पर्धा ठेवली होती. चाळीस मिनिटांत, परीक्षकांच्या डोळ्यांसमोर डबा करायचा.

"ताई, तुम्ही आलात तरच मला जमेल," वहिनी म्हणाल्या. आठ वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. "आपण जिंकलो तर मी ह्यांच्याशी बोलते. सांगते की ताई गेल्या तर माझं पान बंद पडेल. दिवाळीनंतर तुम्हाला कुठंही जावं लागणार नाही."

अडला हरी आणि गाढवाचे पाय. फक्त यातला हरी कोण आणि गाढव कोण, हे मला त्या दिवशी नीट ठरवता येईना.

"फक्त एक नियम आहे," वहिनी साच्यांकडं बघत म्हणाल्या. "मागच्या वर्षी आज्या, काकू, नणंदा असा सगळा गोतावळा आला आणि त्यांनीच डबे केले. म्हणून यंदा घरातली दुसरी बाई चालणार नाही. भांडी विसळायला, पाणी द्यायला कामवाली चालते. तर मी फॉर्मवर तुम्हाला... म्हणजे एका दिवसाचाच प्रश्न आहे."

"लिहिलं का लिहायचंय?"

"लिहिलं."

मला हसू आलं. आठ वर्षं न लिहिता चाललं होतं, आता कागदावर आलं एवढंच. "चालतंय की," मी म्हणाले.

जायच्या दिवशी वहिनींनी हळूच सुचवलं, की साडी जरा जुनी नेसली तर बरं. ती अडचण मला नव्हती. दुसऱ्या कुठल्या असत्या तर निवड करावी लागली असती.

धाराशिवच्या त्या मंगल कार्यालयात बावीस टेबलं मांडली होती, प्रत्येकावर जमिनीपर्यंत लोळणारं जांभळं कापड. टेबलामागं एक बादली, आणि बादलीशेजारी बुटक्या स्टुलावर मी. मान वर केली की बावीस बायका दिसायच्या, लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या, आणि प्रत्येकीच्या हातात एक गाजर. ढोकीच्या एका बाईनं उसाचा ट्रॅक्टर करायला घेतला होता, काकडीची चाकं आणि शेवयांच्या मोळ्या. कळंबच्या एकीनं नवऱ्याचा चेहरा पोळीत कोरायचं मनावर घेतलं होतं. नवऱ्याला कुणी खावं अशी तिची अपेक्षा होती, देव जाणे. पोटात भूक लागते म्हणून माणूस जेवतो, हे त्या दालनात बहुधा एकट्या मला आठवत होतं.

आमचं ठरलं होतं तळ्यातली बदकं. गोकर्णाच्या फुलांच्या पाण्यात शिजवलेला निळा भात म्हणजे तळं, हळदीच्या भाताची बदकं आणि गाजराच्या चोची. शिट्टी झाली आणि वहिनींनी पहिलं बदक दाबलं. ते मानेत तुटलं. दुसरं चपटं झालं. तिसरं हाताला चिकटून आलं आणि टेबलावर पडलं. तीन वर्षं पान चालवणाऱ्या बाईला भात दाबण्याआधी हात ओला करायचा असतो, हे ठाऊक नव्हतं.

"ताई," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

मी बादलीतलं भांडं काढायला वाकल्यासारखं करून कापडाखाली भाताचं पातेलं ओढलं. कागदात बदक वळायचं, कापडाच्या फटीतून वर सरकवायचं. वहिनी ते उचलून नजाकतीनं तळ्यात ठेवायच्या आणि दोन पावलं मागं होऊन मान तिरकी करून बघायच्या. तेवढं त्यांना फार सुंदर जमतं. दहा मिनिटांत चार बदकं झाली.

तेवढ्यात परीक्षक मॅडम आमच्या टेबलाशी आल्या. पोषणतज्ज्ञ होत्या म्हणे. स्वतः अशा बारीक, की अन्नाशी त्यांची फार जुनी ओळख असावी असं वाटेना. त्या वहिनींना काही विचारणार, तर आईशेजारी झालरीच्या फ्रॉकात उभी असलेली प्रतीक्षा एकदम खाली वाकून म्हणाली, "आत्या, पिल्लू राहिलं की!"

मॅडम थांबल्या. "आत्या? या तुमच्या नणंद आहेत का?"

वहिनींच्या तोंडाचं पाणी पळालं. शेजारची ट्रॅक्टरवाली चाक लावायची थांबली. मला त्या वेळी दोन वाक्यं सुचत होती. 'होय, मी हिची नणंद, आणि ही बदकं माझी आहेत,' हे एक. त्या वाक्यानं वहिनींचं सगळं पान एका झटक्यात फाटलं असतं आणि मला पुढं वर्षभर पुरेल एवढा आनंद झाला असता. पण तो आनंद मला भूमला, लकव्याच्या खाटेशेजारी बसून चघळावा लागला असता.

"न्हाय ओ मॅडम," मी म्हणाले. जिभेला मुद्दाम आणखी थोडं गावठी वळण दिलं, कामवाली म्हणजे तशीच बोलणार अशी त्यांची समजूत असणार. "म्या कामाला हाय ह्यांच्याकडं. लेकराला माया हाय, म्हनून आत्या म्हनतंय."

"अरे वा! किती वर्षं?"

"आठ."

"सुट्टी वगैरे देतात ना?"

"सुट्टी घिऊन जायचं कुठं, मॅडम?"

मॅडमना हे फार आवडलं. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. प्रतीक्षा माझ्याकडं बघत होती. सात वर्षांचं लेकरू, पण तिला कळलं. पाढे समजायला लेकरांना वर्ष लागतं, असल्या गोष्टी एका क्षणात समजतात. त्यानंतर तिनं मला हाकच मारली नाही. पिल्लू राहिलं होतं ते मी न सांगता केलं.

पहिला नंबर आमचा आला. बक्षीस म्हणून बारा डब्यांचा संच मिळाला, आणि विजेत्या मम्मीच्या घरी येऊन कंपनी तिच्या स्वयंपाकघराचा व्हिडिओ करणार, असं जाहीर झालं. वहिनी टाळ्यांच्या गजरात रडल्या. रडणं मात्र त्यांचं अगदी घरगुती, स्वतःच्या हातचं होतं.

एका बाबतीत त्यांना मानलं पाहिजे, त्यांनी शब्द पाळला. त्याच संध्याकाळी श्रीशैलला त्यांनी सांगितलं, की व्हिडिओ आला की दर महिन्याला कंपनीचं काम येईल आणि ताईंशिवाय ते होणार नाही. श्रीशैलनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बघू. ती मानसं यिऊन जाऊ द्या, मग भूमला काय सांगायचं ते सांगतो." म्हणजे माझं पुढचं आयुष्य आता एका व्हिडिओवर येऊन टेकलं होतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी ती माणसं आली, त्याच मॅडम आणि कॅमेऱ्याचा माणूस. वहिनींनी आदल्या दिवशीच स्वयंपाकघरातला माझा पाट, भाकरीची परात आणि आईची तांब्याची घागर मागच्या खोलीत लपवलं होतं. जणू त्या भांड्यांनीच त्यांची चुगली केली असती. मला म्हणाल्या, "ताई, मॅडमना आपण तेव्हा सांगितलंय तसंच राहू दे हं. आजच्या दिवस."

"आणि आई?"

"त्या पूजेत असतात. त्यांना कशाला त्रास?"

शूटिंग छान चाललं होतं. वहिनींनी सशाला डोळे लावले. श्रीशैल इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसला आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "मोनिका रोज पाचला उठते." पाचला हा माणूस घोरत असतो, त्यामुळं कोण उठतं हे त्याला खरोखरच माहीत नसावं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

पूजा आटपून आई बाहेर आली. कपाळाला भस्म, डोक्यावर पदर. घरात एवढा उजेड कशाचा, म्हणून बघायला आली होती. मॅडमना आयतंच म्हातारं माणूस मिळालं. त्यांनी आईला हाताला धरून वहिनींच्या शेजारी बसवलं.

"आजी, सुनेचं कौतुक वाटतं की नाही?"

"वाटतंय की," आई म्हणाली. ते खरंच होतं, आईला सगळ्यांचंच कौतुक वाटतं.

"आणि ह्या तुमच्या कामाच्या बाई," मॅडमनी माझ्याकडं हात केला, "स्पर्धेतसुद्धा आल्या होत्या. ह्या कशा आहेत? विश्वासू आहेत ना?"

वहिनी हातातल्या चिमट्याकडं बघत राहिल्या. श्रीशैलनं खिशातून मोबाईल काढला आणि त्यात तोंड घातलं. मी ट्रे छातीशी धरला. मनात म्हटलं, झालं. आई गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलली नाही, ती कॅमेऱ्याशी काय बोलणार. आता म्हणेल, 'कामाची कुठली ओ, माझी लेक हाय ती.' आणि खरं सांगते, तिनं तसं म्हणावं असं मला वाटत होतं. मग भूम तर भूम.

आईनं माझ्याकडं पाहिलं. माझी जुनी साडी पाहिली, ट्रे पाहिला. मग श्रीशैलकडं पाहिलं, त्यानं मान वर केली नाही. तिचा हात पदराआड गळ्यातल्या लिंगापाशी गेला आणि तिथंच राहिला.

"चांगली हाय," आई म्हणाली. "लई वरसं झाली. घरच्यासारखीच हाय."

"अशी माणसं आता मिळत नाहीत हो," मॅडम म्हणाल्या. कॅमेरावाला म्हणाला, आजी एकदा हसा. आई हसली.

दिवे लावायच्या वेळी श्रीशैलनं भूमला फोन लावला. मी ओट्याशी होते, सगळं ऐकू येत होतं. "न्हाय, जमणार न्हाय," तो सांगत होता. "तिला हितं काम हाय." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "व्हय, कायमचंच," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मला जे हवं होतं ते मिळालं.

उद्याच्या डब्यासाठी मी तांदूळ निवडायला बसले. थोड्या वेळानं आई आली, भिंतीला धरून माझ्यासमोर बसली.

"राग आला?"

"कशाचा?"

"म्या काय म्हनायला पायजे हुतं, शुभा? लेक म्हनले असते तर दिवाळी झाल्याबरूबर तुला न्यायला गाडी आली असती."

ते बरोबर होतं. ती जन्मात एकदाच खोटं बोलली, हात लिंगाला लावून बोलली आणि माझ्यासाठी बोलली. वहिनींचा, श्रीशैलचा, त्या बारीक मॅडमचा मला मनसोक्त तिरस्कार करता येत होता. आईचा करता येईना, आणि न करताही राहवेना. त्या एका 'घरच्यासारखीच'नं मला आत कुठंतरी असं कापलं होतं, की तिच्या तोंडाकडं बघणं नको वाटत होतं.

तिनं नेहमीसारखा ताटात हात घातला, माझ्याबरोबर खडे वेचायला. मी ताट माझ्याकडं ओढून घेतलं.

"राहू द्या, आजी," मी म्हणाले. "ते माझं काम आहे."

आईचा हात तसाच राहिला. मला लगेच लाज वाटली, पण मी शब्द मागं घेतला नाही. ती समोरून उठली नाही, आणि मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले.